त्रेचाळीस सुरांचा सुतार

१९३० साल. अमेरिकेच्या दक्षिणेतले न्यू ऑर्लीन्स शहर. तिशीच्या उंबरठ्यावरचा एक तरुण मोठ्या पोटाच्या लोखंडी शेगडीत कागदांमागून कागद टाकत होता. ती त्याने स्वतः रचलेल्या संगीताची हस्तलिखिते होती. चौदा वर्षांचे काम! गाणी, तंतुवाद्यांच्या चौकडीसाठी केलेली रचना, पियानोसाठी लिहिलेली मोठी कृती... सारे त्या शेगडीत गेले. युरोपीय संगीताने आखून दिलेल्या बारा सुरांच्या चौकटीत पुन्हा पाऊल टाकायचे नाही, असे त्याने ठरवले होते आणि परतीचा रस्ता त्याने स्वतःच्या हाताने जाळून टाकला.

त्या तरुणाचे नाव हॅरी पार्च. पुढची चव्वेचाळीस वर्षे तो जगला. त्या काळात त्याने स्वतःचे सप्तक बांधले, त्यात नेहमीच्या बारांऐवजी त्रेचाळीस सूर बसवले आणि हे सूर वाजवणारी वाद्ये बाजारात मिळत नाहीत म्हणून ती स्वतःच करवत, रंधा घेऊन घडवली. लाकूड, बांबू, काच, दारूच्या बाटल्या, विजेचे दिवे, तोफगोळ्यांची रिकामी नळकांडी अशा कशाचीही वाद्ये त्याने केली. आज जगभरचे तालवादक घंगाळापासून मोटारीच्या स्प्रिंगपर्यंत काहीही रंगमंचावर आणतात आणि श्रोते ते कौतुकाने ऐकतात. त्या वाटेवर फार आधी चाललेल्या मोजक्या माणसांत पार्चचे नाव घ्यावे लागते. मला मात्र या कलंदराच्या आयुष्यात वाद्यांइतकाच आणखी एक प्रश्न खुणावत राहिला आहे. जी वाद्ये जगात एकेकच आहेत, त्यांच्यासाठी आयुष्यभर संगीत रचायचे म्हणजे आपल्या पश्चात त्या संगीताचे काय होणार?

वाळवंटातले बालपण

हॅरीचा जन्म २४ जून १९०१ रोजी कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये झाला. आईवडील दोघेही ख्रिस्ती मिशनरी. त्यांनी बरीच वर्षे चीनमध्ये काढली होती. घरात चिनी वस्तू होत्या, चिनी पुस्तके होती आणि आईच्या ओठांवर चिनी गाणीही होती. पुढे कुटुंब ॲरिझोनातल्या बेन्सन या रेल्वेच्या आडगावात आणि नंतर न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कीला गेले. मूळ रहिवासी असलेल्या आदिवासींची, स्पॅनिश बोलणाऱ्या मेक्सिकन लोकांची आणि घरातली चिनी, अशी तऱ्हतऱ्हेची गाणी त्या मुलाच्या कानावर पडत गेली. पियानोच्या पट्ट्यांवर न बसणारे सूर त्याला परके वाटले नाहीत, याचे मूळ तिथे असावे.

मुलगा हुशार होता. पियानो शिकला आणि अल्बुकर्कीत मूकपटांना साथ करू लागला. १९१९ मध्ये घर लॉस एंजेलिसला हलले. पुढच्याच वर्षी आई ट्रामच्या अपघातात गेली. विद्यापीठातले संगीताचे शिक्षण त्याने दोनेक वर्षांत सोडून दिले. मुद्रिते तपास, पियानोच्या शिकवण्या घे, जहाजावर खलाशी म्हणून जा, असे करत तो पोट भरू लागला आणि शिकण्यासाठी सार्वजनिक वाचनालयात जाऊन बसू लागला. १९२३ मध्ये सॅक्रामेंटोच्या वाचनालयात त्याच्या हाती जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झचा ध्वनीविषयक ग्रंथ पडला. त्या पुस्तकाने त्याचे आयुष्य बदलले.

पेटीतला चढा गंधार

काय होते त्या ग्रंथात? ते समजून घ्यायला आपल्याला युरोपात जायची गरज नाही. आपल्या घरातला तंबोरा पुरेसा आहे. जवारी नीट लागली आणि खर्जाची तार मोकळी सोडली की काही क्षणांनी त्या षड्जातूनच एक गंधार आपोआप उमलतो. कुणी तो वाजवलेला नसतो. म्हणून तर आपले गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. षड्जाच्या चार कंपनांना गंधाराची पाच, असे ते सरळ गणित आहे. पंचमाचे दोनाला तीन, मध्यमाचे तीनाला चार. निसर्गाने सुरांची नाती अशी लहान, पूर्ण आकड्यांत बांधली आहेत.

माझे लहानपण पेटीच्या सुरांत गेले. आमचे गुरुजी पेटीवर शिकवत. पण गंधार लावायची वेळ आली की भाता थांबवत आणि तंबोऱ्याकडे बोट दाखवत. त्यामागचे कारण मला पुढे कळले. पेटीत आणि पियानोत सप्तकाचे बारा सारखे तुकडे केलेले असतात. कोणत्याही पट्टीला षड्ज मानून वाजवता यावे यासाठी केलेली ती तडजोड. तिची किंमत म्हणजे षड्ज सोडला तर एकही सूर नेमका जागेवर राहत नाही. पेटीचा शुद्ध गंधार स्वयंभू गंधारापेक्षा अर्ध्या स्वराच्या सुमारे सातव्या भागाने चढा असतो. साध्या कानाला ते चालून जाते. पार्चच्या कानाला ते चालेना.

हा वाद आपल्या महाराष्ट्रात त्याच्या आधीच रंगला होता, ही गोष्ट सांगायलाच हवी. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. अर्नेस्ट क्लेमंट्स या ब्रिटिश सनदी अधिकाऱ्याच्या साथीने त्यांनी श्रुतींची पेटी घडवण्याचा उद्योग केला आणि खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांच्यासारखा गवई त्या प्रयोगांत सामील झाला. पुढे १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदीच घातली. सांगलीत जो प्रश्न श्रुतींच्या नावाने विचारला जात होता, त्याच प्रश्नाने सॅक्रामेंटोच्या वाचनालयातल्या त्या पोरालाही झपाटले. फरक इतकाच की आपल्याकडे बिनचूक सूर गाणारे गळे होते, परंपरा होती. पार्चपाशी यातले काहीच नव्हते. त्याला सारे शून्यापासून उभे करायचे होते.

त्याने गणित मांडले. पाचापर्यंतच्या आकड्यांवर न थांबता त्याने सात, नऊ आणि अकरा हे आकडेही सुरांच्या नात्यांत आणले. अशा अपूर्णांकांतून हळूहळू त्रेचाळीस सुरांचे सप्तक तयार झाले.

भटक्याची शिदोरी

पहिले वाद्य साधे होते. व्हायोलापेक्षा लांब मानेचे, पट्टीवर सुरांच्या खुणा केलेले. न्यू ऑर्लीन्समध्ये ते पुरे झाले. त्या वाद्यावर तो चिनी कवी ली पोच्या कविता गाऊ लागला. बोलण्यातले चढउतार जसेच्या तसे गाण्यात यावेत, अशी त्याची ओढ होती. बोलताना आपण बारा सुरांत बोलत नाही, हे त्याचे साधे म्हणणे.

१९३४ मध्ये कार्नेगी संस्थेकडून पंधराशे डॉलरची मदत मिळाली आणि तो इंग्लंडला गेला. ब्रिटिश म्युझियममध्ये बसून त्याने प्राचीन स्वरशास्त्र वाचले. डब्लिनला जाऊन महाकवी येट्सची भेट घेतली. येट्सने इंग्रजीत आणलेल्या ईडिपसच्या शोकांतिकेला संगीत द्यायचे त्याच्या मनात होते. वृद्ध कवीने या अनोळखी अमेरिकनाचे म्हणणे आस्थेने ऐकून संमती दिली.

मोठ्या आशेने तो १९३५ मध्ये परतला, तो थेट महामंदीच्या खाईत. पैसे संपले, काम नाही. पुढची कित्येक वर्षे तो मालगाड्यांच्या डब्यांतून फुकट प्रवास करणाऱ्या, मिळेल तिथे शेतमजुरी करणाऱ्या आणि बेघरांच्या छावणीत झोपणाऱ्या हजारो भटक्यांपैकी एक होता. तशातही तो एक रोजनिशी ठेवत होता आणि सोबत्यांच्या बोलण्यातले सूर त्यात टिपून घेत होता. १९४० मध्ये कॅलिफोर्नियातल्या बार्स्टो गावाबाहेर, महामार्गाच्या कठड्यावर, वाटसरूंनी खरडलेले मजकूर त्याला दिसले. कुणाचे नावगाव, कुणाची भूक, कुणाची लग्नाची मागणी. त्यातले आठ मजकूर त्याने संगीतात बांधले. पुढे सॅन फ्रान्सिस्कोहून शिकागोपर्यंतच्या अशाच एका प्रवासावर त्याने ‘यूएस हायबॉल’ ही रचना केली. दरबार आणि देवळे यांच्या गाण्यात ज्यांना कधी जागा मिळाली नाही, ती माणसे पार्चच्या संगीतात आपल्याच बोलीत बोलतात. मला त्याची ही बाजू सर्वांत जवळची वाटते.

१९४३ मध्ये गुगेनहाइम शिष्यवृत्ती मिळाली आणि भटकंती थांबली. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये त्याचा कार्यक्रम झाला. विस्कॉन्सिन विद्यापीठाने त्याला संशोधनासाठी जागा दिली. तिथे त्याने आपल्या स्वरशास्त्राचा ग्रंथ पुरा केला, तो १९४९ मध्ये छापून निघाला. विद्यापीठाच्या संगीत विभागात मात्र त्याला पक्के स्थान कधीच मिळाले नाही.

लाकूड बोलू लागले

गळ्यापासून निघालेला हा माणूस तालवाद्यांकडे वळला कसा? मला त्याचे उत्तर सुतारकामात दिसते. तार उतरते, चढते. हवा बदलली की रुसते. लाकडाची पट्टी एकदा सुरात कापली की बराच काळ आपला सूर धरून ठेवते. पट्टी खालून मध्यभागी तासली की सूर उतरतो, टोकाशी तासली की चढतो. अपूर्णांकांतले ते अवघड सूर लाकडात असे कायमचे कोरून ठेवता येतात. शिवाय पट्टीवर आघात करायला हात उचलावा लागतो, कंबर वाकवावी लागते. संगीत नुसत्या कानाचे नसते, ते अंगाचे असते, यावर पार्चची श्रद्धा होती.

१९४६ मध्ये त्याने ‘डायमंड मारिंबा’ केला. मारिंबा म्हणजे आपल्या काष्ठतरंगाचा थोरला भाऊ म्हणा ना! टणक लाकडाच्या छत्तीस पट्ट्या आणि त्यांच्याखाली बांबूच्या नळ्या. पण पट्ट्यांची मांडणी लहानमोठ्या क्रमाने नाही, चौकटच्या पत्त्यासारखी. एका तिरक्या ओळीवरून टिपरी फिरवली की पार्चच्या गणितातले सुसंवादी सूर एकापाठोपाठ झुळझुळत निघतात. त्याचे सारे स्वरशास्त्र जणू त्या लाकडी चौकटीत मांडून ठेवले आहे.

मग वाद्यांची रांगच लागली. १९५० मध्ये ‘बास मारिंबा’ झाला. तो इतका उंच की वादकाला फळीवर चढून उभे राहावे लागे. त्याच वर्षी बर्कलीच्या अणुसंशोधन प्रयोगशाळेतल्या जाड काचेच्या मोठ्या बरण्या त्याला मिळाल्या. त्यांची बुडे आणि माथे कापून त्याने लाकडी चौकटीला टांगले. कडेवर हलकेच टिपरी मारली की घंटेसारखा, पण घंटेहून मऊ आणि दूरचा नाद निघतो. पार्चने त्यांना ‘क्लाउड चेंबर बोल्स’ हे नाव प्रयोगशाळेतल्या यंत्रावरूनच दिले. युद्धातून उरलेली तोफगोळ्यांची पितळी नळकांडी दुसऱ्या एका चौकटीला लटकली. त्या वाद्याचे नाव ‘युद्धातली लूट’. माणसे मारण्यासाठी ओतलेले पितळ सुरात वाजवून घेणारा हा माणूस अशी नावे देताना मनाशी हसत असावा.

‘मारिंबा एरोइका’ हे सर्वांत धिप्पाड वाद्य. चार प्रचंड फळ्या आणि प्रत्येकीखाली माणूस मावेल असा पेटारा. सर्वांत खालच्या सुराची कंपने सेकंदाला बावीस. माणसाच्या कानाची हद्द जिथे संपते, त्याच्या अगदी जवळची. हा सूर कानांपेक्षा छातीला आणि पायाखालच्या फरशीला आधी समजतो. चौसष्ट बांबूंचे एक वाद्य, त्याचे नाव नुसतेच ‘बू’. दारूच्या बाटल्या, ओकच्या लाकडाचे तुकडे आणि मोटारीच्या चाकांच्या दोन टोप्या यांचे आणखी एक वाद्य. विमानाच्या इंधनटाक्यांच्या शंकूसारख्या टोकांच्या घंटा. निलगिरीच्या फांदीवर भोपळे आणि भोपळ्यांना लगडलेल्या बारा देवळी घंटा, असे एक झाडच! तंबोरा आणि सतार पाहिलेल्या आपल्या डोळ्यांना भोपळ्याचा हा उपयोग नवल वाटणार नाही. आणि चोवीस विजेच्या दिव्यांचा ‘माझ्दा मारिंबा’. आतली तार काढून पोकळ केलेले ते काचेचे दिवे वाजताना उकळत्या कॉफीसारखे बुडबुडतात. दिव्यांच्या कंपनीने ते नाव घेतले होते पारशांच्या अहुरमज्द या प्रकाशदेवतेवरून. आपल्या मुंबईच्या अग्यारीतला देव असा कॅलिफोर्नियातल्या एका सुताराच्या वाद्यात येऊन बसला!

मी हे संगीत पहिल्यांदा ध्वनिमुद्रणावर ऐकले, तेव्हा पहिली काही मिनिटे कान बिचकले. कुठे सूर उतरल्यासारखा, कुठे चढल्यासारखा वाटत होता. मग लाकडांची ती झुळझुळ ओळखीची होऊ लागली, दोन सुरांमधल्या फटीत आणखी सूर दिसू लागले. तंबोऱ्याशी सराव असलेल्या कानाला तिथे फार उपरे वाटत नाही.

अंगाने गायचे संगीत

१९५२ मध्ये ओकलंडच्या मिल्स कॉलेजात ईडिपस रंगमंचावर आला. प्रयोग गाजला; पण येट्स तोवर निवर्तला होता आणि त्याच्या वारसांनी ध्वनिमुद्रिकेला परवानगी नाकारली. अठरा वर्षे उराशी जपलेले काम! पार्चने पुन्हा लेखणी उचलली आणि नवी संहिता लिहून सारे संगीत तिच्यावर बसवले.

सॉसलिटोच्या बंद पडलेल्या जहाजगोदीत त्याने कार्यशाळा थाटली. ध्वनिमुद्रिका काढायला कुणी कंपनी तयार नव्हती, म्हणून त्याने स्वतःच त्या काढून टपालाने विकल्या. पुढे इलिनॉय विद्यापीठात काही वर्षे गेली. मग पेटालुमा या अंड्यांसाठी प्रसिद्ध गावी, पिल्ले उबवण्याच्या एका जुन्या जागेत मुक्काम. प्रत्येक वेळी ही अजस्र वाद्ये सोडवायची, बांधायची, ट्रकवर चढवायची. त्याची मिळकत ती हीच.

वादकांना तो छळायचा, असे म्हटले तरी चालेल. वाद्यांच्या मागे निर्जीव उभे राहून वाजवलेले त्याला खपत नसे. वादकाने खेळाडूसारखे झेपावले पाहिजे, वेश केला पाहिजे, गायले पाहिजे, वेळ पडली तर नाचलेही पाहिजे. वाद्ये खड्ड्यात दडवायची नाहीत. तीच रंगमंचावरचे नेपथ्य. त्यात प्रत्येक वाद्याचे स्वरलेखन वेगळे. म्हणजे नामवंत तालवादकानेही इथे येऊन पुन्हा मुळाक्षरे गिरवायची. अशा कामाला पैसा देणारे कोण आणि वेळ देणारे कोण? वेळ दिला तो विद्यार्थ्यांनी. इलिनॉयमध्ये भेटलेला डॅनली मिचेल हा तरुण तालवादक तर अखेरपर्यंत त्याच्याबरोबर राहिला.

या साऱ्याचे फळ म्हणजे ‘डिल्यूजन ऑफ द फ्युरी’. जानेवारी १९६९ मध्ये लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात त्याचा पहिला प्रयोग झाला. संगीताचे संचालन मिचेलचे. पहिला अंक जपानी नो नाट्याच्या वळणाचा. युद्धात एकाला ठार मारणारा प्रायश्चित्तासाठी यात्रेला निघतो आणि मृताच्या मुलाला व भुताला सामोरा जातो. दुसरा अंक इथिओपियातल्या लोककथेचा. हरवलेले करडू शोधणारी म्हातारी आणि बहिरा भटक्या यांचे भांडण लागते, आणि न्याय करायला बसलेला न्यायाधीशही बहिराच! रागाचा पोकळपणा एकदा रडून आणि एकदा हसून दाखवलेला. ज्याने आयुष्यभर जगाशी भांडण मांडले, त्याने अखेरच्या मोठ्या कृतीत रागालाच भ्रम ठरवावे, हे मला अर्थपूर्ण वाटते. कोलंबिया या मोठ्या कंपनीने त्या सुमारास त्याचे संगीत बाजारात आणले. तेव्हा तो सत्तरीच्या घरात होता, प्रकृती ढासळली होती आणि दारूनेही आपला वाटा उचलला होता.

३ सप्टेंबर १९७४ रोजी सॅन डिएगो इथे हृदयविकाराने हॅरी पार्च गेला.

मागे राहिलेले

मागे राहिली ती वाद्ये. ती मिचेलकडे आली. १९६९ च्या प्रयोगात कोवळ्या वयात वाजवलेला डीन ड्रमंड १९९० मध्ये त्यांचा रखवालदार झाला आणि २०१३ मध्ये आपल्या मृत्यूपर्यंत त्याने त्यांना वाजते ठेवले. पुढच्याच वर्षी ती सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात गेली. पण एकाच ठिकाणी राहणारी वाद्ये जगभर फिरणार कशी? मग जर्मनीतल्या कलोनच्या एका वाद्यवृंदाने साऱ्या वाद्यांच्या प्रतिकृती करवून घेतल्या आणि २०१३ मध्ये ‘डिल्यूजन’चा प्रयोग युरोपात केला. लॉस एंजेलिसमधल्या एका चमूनेही अशीच वाद्ये घडवली, आणि त्यांनी वाजवलेल्या पार्चच्या रचनांना २०१५ मध्ये ग्रॅमी पुरस्कार मिळाला. जिवंतपणी ज्याच्या ध्वनिमुद्रिकेला कंपनी मिळत नव्हती, त्याला!

हे सारे ऐकून पार्च जिंकला, असे म्हणून मोकळे होता येईल. मला तितके सोपे वाटत नाही. त्याने निवडलेल्या वाटेची किंमत आजही चुकवावी लागते. काचेची एक वाडगी फुटली, तर त्या सुराची दुसरी बाजारात मिळत नाही; नवी बरणी कापावी, तर सूर वेगळाच निघतो. पियानोची तार तुटली तर कोणत्याही शहरात नवी मिळते. त्या बारा सारख्या तुकड्यांच्या तडजोडीने संगीताला जी सोय दिली, ती पार्चने नाकारली होती. त्याची शिक्षा म्हणा, तिचे फळ म्हणा, एकच आहे. त्याचे संगीत हवे असेल तर कुणीतरी करवत हाती घ्यावी लागते, लाकूड तासावे लागते, कान लावून बसावे लागते आणि वर्षानुवर्षे पदरमोड करावी लागते.

आपल्याकडे विद्या गळ्यातून गळ्यात जाते, आणि एक पिढी जरी गप्प बसली तरी ती संपते, हे आपल्याला कुणी सांगायला नको. पार्चने परंपरा जाळून सुरुवात केली होती. पण त्याचे गाणे वाचले ते अखेर त्याच जुन्या मार्गाने. म्हाताऱ्याचा तापट स्वभाव सोसून त्याच्यापाशी शिकलेल्या काही पोरांनी ते पुढच्या हातांत दिले, म्हणून.